कमांड लाईनवरून मराठी मजकुराचा ऑडिओ करायचाय, पण ईस्पीक नुसतं इंग्रजी अक्षरं बडबडतंय

सातरस्ता_सोलापूर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहायलोय, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा गिरणीत साचेखात्यात होते. 72 च्या दुष्काळात पोरवयात गाव सोडून सोलापूरला आले, मग गिरणी, चाळ, भोंगा, पाळ्या, संप, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमाग, असं सगळं त्यांनी तीन वह्यांत लिहून ठेवलंय. दहा-बारा वर्षांपूर्वी एका डीटीपीवाल्याकडून ते टाईप करून घेतलं होतं, 140 पानं झाली, प्रिंट काढली, बाईंडिंग केलं आणि कपाटात गेलं. आता अण्णांची नजर शुगरमुळं गेल्यात जमा आहे आणि त्यांनी धोशा लावलाय की मी काय लिहिलंय ते मला ऐकव, त्यात दुरुस्त्या करायच्यात.

मी दोन प्रकरणं वाचून दाखवली. त्यात चार संध्याकाळी गेल्या कारण दर दोन ओळीला ते थांबवतात आणि मी दुकानातून येतोच साडेनऊला. म्हणून म्हटलं कॉम्प्युटरलाच वाचायला लावू. आई आणि शेजारच्या पद्मशाली मावशी दुपारी विड्या वळत बसतात, हात गुंतलेले पण कान मोकळे, त्यांनाही ऐकायचंय. आईकडं बटणाचा फोन आहे, मेमरी कार्डवालं, त्यात एमपीथ्री वाजते.

लॅपटॉप जुना आहे, 4 जीबी रॅम, उबुंटू 24.04 (लिनक्स) टाकलंय. ईस्पीक-एनजी (मजकूर मोठ्यानं वाचणारं फुकट सॉफ्टवेअर) इन्स्टॉल केलं आणि ही कमांड दिली (इथं देवनागरीत लिहितोय, टाईप अर्थातच इंग्रजीत केलंय):

ईस्पीक-एनजी -व्ही एमआर -एफ अण्णा.टीएक्सटी -डब्ल्यू अण्णा.वॅव्ह

फाईल तयार होते, पण ऐकलं तर "एम यू ए डॉलर पर्सेंट" असलं कायतरी, मधेच इंग्रजी अक्षरं, मधेच चिन्हांची नावं. मराठी एक शब्द नाही. तेच मी टर्मिनलवर हातानं "सोलापूर" लिहून दिलं तर नीट म्हणतंय, म्हणजे आवाज आहे. दुसरं कुठलं सॉफ्टवेअर चांगलं आहे का? फुकटातलं सांगा. आणि वेबसाईटवर पेस्ट करा म्हणू नका, 22 प्रकरणं आहेत आणि अण्णा रोज दुरुस्ती सांगणार.

टर्मिनलबाबा

सॉफ्टवेअर बदलून काही होणार नाही भावा. तुझी फाईल मराठी नाहीच. म्हणजे दिसत असेल मराठी, पण आत मराठी नाही. एक काम कर, ती अण्णा.टीएक्सटी साध्या एडिटरमधे उघड आणि पहिल्या दोन ओळी काय दिसतात ते सांग. आणि "फाईल" नावाची कमांड आहे, फाईल अण्णा.टीएक्सटी असं दे, यूटीएफ-8 (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) म्हणतंय का बघ.

सातरस्ता_सोलापूर

एडिटरमधे नुसता कचरा दिसतोय, इंग्रजी अक्षरं, त्यावर टोप्या, डॉलर, कंस. मला वाटलं एडिटरला मराठी फॉन्ट नाही म्हणून तसं दिसतंय. वर्डच्या फाईलमधून सेव्ह अॅज टेक्स्ट केलं होतं. फाईल कमांड यूटीएफ-8 म्हणतेय पण!

डीटीपीकाका

हा माझा प्रांत, त्यामुळं सविस्तर सांगतो, वीस वर्षं हाच धंदा केलाय.

त्या काळी आम्ही सगळे श्रीलिपी, कृतीदेव, आयएसएम असल्या फॉन्टांत काम करायचो. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, पतसंस्थेचे ताळेबंद, सगळं. त्या फॉन्टांची गंमत अशी की फाईलमधे मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. फाईलमधे असतं इंग्रजी "के" किंवा टोपीवालं "ए" आणि फॉन्ट त्या जागी "क" चं नाहीतर अर्ध्या "त" चं चित्र दाखवतो. चित्रच ते. फॉन्ट काढला की चित्र गेलं, खाली उरतं ते तुम्हाला आता दिसतंय. फाईल कमांडनं यूटीएफ-8 म्हटलं ते बरोबरच आहे, ती टोपीवाली इंग्रजी अक्षरं यूटीएफ-8 मधेच साठवलीत, पण अक्षरं मराठी नाहीत. माणसाच्या डोळ्याला चित्र पुरतं, वाचणाऱ्या प्रोग्रॅमला फॉन्टशी देणंघेणं नसतं, तो थेट खालचं वाचतो. तुमचं ईस्पीक बिचारं इमानदारीत वाचतंय.

त्यामुळं आधी यूनिकोडमधे रूपांतर, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो. वर्डची मूळ फाईल उघडा, मजकूर सिलेक्ट करा आणि फॉन्टचं नाव नीट लिहून घ्या, आकड्यासकट, कारण एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांची मांडणीही वेगळी असू शकते. मग त्या फॉन्टचाच कन्व्हर्टर शोधा. फुकट कन्व्हर्टर नेटवर बरेच आहेत. चुकीचा निवडला तर अर्ध मराठी येतं, आणि ते कचऱ्यापेक्षा वाईट, कारण चुका पटकन दिसत नाहीत.

आणि कन्व्हर्ट झालं म्हणजे सुटलो असं नाही. दोन ठिकाणी हमखास मार बसतो. एक पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टात आम्ही जसं दिसतं तसं टाईप करायचो, म्हणजे "किती" लिहिताना आधी वेलांटी, मग क. यूनिकोडमधे क आधी, वेलांटी नंतर, दाखवताना ती पुढं दिसते एवढंच. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते, आणि "स्थिती", "व्यक्तिमत्त्व" असं जोडाक्षर आलं की वेलांटी नेमकी किती अक्षरं ओलांडून न्यायची यात तो फसतो. दुसरा रफार. तो आम्ही अक्षर झाल्यावर टाकायचो, यूनिकोडमधे तो र म्हणून आधी येतो. "कर्ज" चं "कजर्" झालेलं मी शेकड्यानं पाहिलंय.

टर्मिनलबाबा

काकांनी सांगितलं त्यात एक जोड देतो. वेलांटीच्या चुका डोळ्यानं शोधत बसू नको. मराठीत कुठलाही शब्द काना-मात्रा-वेलांटीनं सुरू होत नाही, त्यामुळं ज्या शब्दाच्या पहिल्या जागेवरच वेलांटी आहे तो शब्द हमखास फुटलेला. ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडला डॅश पी आणि डॅश एन देऊन "ओळीची सुरवात किंवा स्पेस, आणि लगेच मात्रा" असा पॅटर्न दे, ओळ नंबरासकट यादी मिळेल. तसंच शब्दाच्या शेवटी "र्" लटकत असेल तर तोही रफाराचा घोळ. हे दोन ग्रेप चालव, निम्म्याहून जास्त घाण त्यातच सापडेल बघ.

पाणीवेस

एवढा कुटाणा कशाला करायलाय. 140 पानं परत टाईप करून घे ना. नाहीतर प्रिंट आहे म्हणतोस तर स्कॅन कर आणि टेसरॅक्टला (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा, म्हणजे ओसीआर प्रोग्रॅम) दे, मराठीचा डेटा वेगळा इन्स्टॉल करायचा, भाषेचा कोड एमएआर. माझ्या आजोबांच्या पत्रिका... पत्रिका म्हणजे पावत्या, जुन्या पावत्या मी तशाच काढल्या होत्या. छापील अक्षर स्वच्छ असेल तर बरं निघतं.

डीटीपीकाका

पाणीवेस, स्कॅनचा रस्ता वाईट नाही पण मूळ फाईल हाताशी असताना कशाला. कन्व्हर्टरची चूक सगळीकडं सारखीच असते, एकदा सापडली की एका फटक्यात दीडशे ठिकाणी दुरुस्त होते. ओसीआरची चूक दर पानावर नवी.

सातरस्ता_सोलापूर

काका, पाय कुठं आहेत तुमचे. फॉन्टचं नाव मिळालं, कन्व्हर्टर मिळाला, मजकूर मराठीत आला. ग्रेप चालवलं, 61 शब्द फुटलेले निघाले, त्यातले बरेचसे "स्थि" आणि "क्ति" वालेच. दुरुस्त केले. ईस्पीक आता चक्क अण्णांचं गाव म्हणतंय.

पण मंडळी, आवाज! अण्णांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "हे कोण बोलायलंय, नाकात काडी घातल्यासारखं?" आईनं तर विडी वळायची थांबवून फोनकडं बघितलं. आणि 1972 आलं की "एक हजार नऊशे बहात्तर" म्हणतं. "सकाळी 7.30 वा." चं तर वाटोळंच. काय करू?

टर्मिनलबाबा

ईस्पीकचा आवाज तसाच असणार. त्यात माणसाचं रेकॉर्डिंग जवळपास नाहीच, कंठातून आवाज कसा घुमतो त्याचं गणित करून तो आवाज बनवतात, म्हणून तर सगळ्या भाषा मिळून पॅकेज काही एमबीत मावतं आणि तुझ्या 4 जीबीवर क्षणात चालतं. थोडा माणसात आणता येतो. -एस म्हणजे वेग, मिनिटाला शब्द, न सांगता 175 असतो, तू 130 कर. -पी म्हणजे स्वराची उंची, 0 ते 99, मुळात 50, ती 35 वर आण. -जी दिलं की शब्दांमधे जरा फट पडते, आकडा 10 मिलिसेकंदांच्या हिशोबात, 2-3 पुरे. एवढ्यानं नाकातली काडी निघणार नाही, पण अर्थ कळायला लागतो.

माणसासारखा आवाज हवा तर एज-टीटीएस बघ. पायथनचं छोटं पॅकेज आहे, मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधे "मोठ्यानं वाचा" असतं ना, त्याच्याच ऑनलाईन सेवेला ते मजकूर पाठवतं आणि एमपीथ्री परत आणतं. मराठीचे दोन आवाज आहेत, आरोही बाईचा, मनोहर पुरुषाचा. खातं, पासवर्डसारखी की (key) वगैरे काही लागत नाही. तुझ्याकडं 24.04 आहे म्हणजे साध्या पिपनं (पायथनची पॅकेजं टाकणारी कमांड) टाकायला गेलास की "एक्स्टर्नली मॅनेज्ड" म्हणून अडवेल, घाबरू नको, पिपएक्स टाक आणि त्यानं इन्स्टॉल कर. मग:

एज-टीटीएस --व्हॉइस एमआर-आयएन-मनोहरन्यूरल --रेट=-15% --फाईल प्रकरण01.टीएक्सटी --राईट-मीडिया प्रकरण01.एमपीथ्री

रेटला बरोबरचं चिन्ह चिकटूनच द्यायचं. जागा सोडून वजा 15 लिहिलंस तर तो वजा म्हणजे नवीन ऑप्शन समजतो आणि एरर देतो, माझा अर्धा तास गेला होता यात.

जीटीटीएस पण आहे, गूगल ट्रान्सलेटचा आवाज, जीटीटीएस-सीएलआय -एल एमआर. पण ते मजकुराचे 100-100 अक्षरांचे तुकडे करून पाठवतं, त्यामुळं लांब वाक्य मधेच तुटल्यासारखं वाटतं, आणि पाठोपाठ 22 प्रकरणं दिलीस तर "फार विनंत्या झाल्या" म्हणून 429 एरर यायची शक्यता. दोन-चार वाक्यांना ठीक.

आकड्यांचं म्हणशील तर मशीनला कसं कळणार की हे साल आहे का रुपये आहेत. आवाजाकडं जाण्याआधी मजकूर सेडमधून, म्हणजे ठरवलेले शब्द आपोआप बदलणाऱ्या कमांडमधून, काढायचा. बदल.सेड नावाची फाईल कर, तिच्यात एकेका ओळीला एक बदल. 1972 चं "एकोणीसशे बहात्तर", "रु." चं "रुपये", "वा." चं "वाजता", "7.30" चं "साडेसात", "कि.मी." चं "किलोमीटर". टिंबांची संक्षिप्त रूपं तर आधी मार, नाहीतर प्रत्येक टिंबाला वाक्य संपलं समजून तो श्वास घेतो. अण्णांनी जी सालं लिहिलीत ती मोजून वीस-पंचवीस असतील. मूळ फाईलला हात लावायचा नाही, सेडमधून काढलेली प्रत वेगळी ठेवायची, तीच आवाजाला द्यायची.

कडकभाकरी

ईस्पीकची बाजू घ्यायला आलोय. मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) बारा वर्षं काम करतोय. विंडोजवर एनव्हीडीए, लिनक्सवर ओर्का, दोन्हीकडं ईस्पीक-एनजीच लावलंय. लोक रोबोट म्हणतात, म्हणू देत, मी मिनिटाला 320 शब्दांवर ऐकतो आणि त्या वेगाला गोडगोड आवाजांची अक्षरं एकमेकात विरघळतात, ईस्पीकची फुटत नाहीत. एंटर दाबलं की लगेच बोलतो हेही महत्त्वाचं, नेट असो नसो.

तुमच्या अण्णांची गोष्ट वेगळी आहे, त्यांना कान बसवायला वेळ द्यायचा नाही, गोष्ट ऐकायचीय, त्यांना मनोहरच द्या. पण एक सुचवतो. दुरुस्त्या करताना ईस्पीक वापरा. चांगला आवाज चुका झाकतो. खरंच झाकतो, सुरात म्हणून टाकतो आणि आपण ऐकून सोडतो. ईस्पीक जे लिहिलंय ते रोखठोक म्हणतं, वेलांटी चुकली की कानाला खडा लागतो. आणि शंका आली की -क्यू -एक्स देऊन शब्द टाका, आवाज न करता तो उच्चार कसा धरतोय ते अक्षरांत दाखवतो.

आणखी एक, च आणि ज ला नाव ठेवत बसू नका. "चार" मधला च आणि "चारा" मधला च आपण वेगळा म्हणतो, पण लिहितो एकच, "जग" म्हणजे दुनिया आणि "जग" म्हणजे पाण्याचा, तेही तसंच. लिपीतच फरक नाही तर कुठलंही मशीन अंदाजच मारणार, कधी लागेल कधी चुकेल. मी इतक्या वर्षांत सोडून दिलंय. हां, पण मराठी मजकूर हिंदी आवाजाला कधीच देऊ नका. "केलं", "झालं" वरचा टिंब तो नाकात म्हणतो आणि "धोटा, ताणा, साचा" असल्या मागाच्या शब्दांचं काय होईल देव जाणे.

पाणीवेस

केरळात विडी कारखान्यांत एकजण बसून बाकीच्यांना पेपर वाचून दाखवायचा असं ऐकलंय, हात चालू, कान मोकळे. तुझ्या आईचं तेच चाललंय. आपल्याकडं सगळं घरबसल्या म्हणून ते कधी झालं नाही बहुतेक. बाकी ते एज का काय, त्यात अण्णांचं सगळं लिखाण दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाणार ना? घरातल्या भानगडी, जमिनीचे वाद लिहिले असतील तर बघ बाबा.

टर्मिनलबाबा

बरोबर बोललास, हे मी आधीच लिहायला हवं होतं. एज-टीटीएस आणि जीटीटीएस दोन्हीत मजकूर बाहेर जातो. आणि दोन्ही सेवा अशा वापरासाठी जाहीर केलेल्या नाहीत, लोकांनी मागच्या दारानं वाट काढलीय, उद्या दार बंद झालं तर तक्रार कुणाकडं करणार. म्हणून जे काय करायचं ते एकदाच करून एमपीथ्री जपून ठेव.

घरातल्या घरात माणसासारखा आवाज हवा असेल तर दोन वाटा आहेत. मेटानं 2023 मधे एमएमएस म्हणून हजारावर भाषांची मॉडेलं सोडली, त्यात मराठीचं बोलणारं मॉडेल आहे, एकदा उतरवलं की नेट लागत नाही. लायसन्स धंद्याला चालत नाही पण घरगुतीला काय. दुसरं आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतचं इंडिक-टीटीएस, 13 भाषा, त्यात मराठी. पण दोन्हीला पायटॉर्च नावाचं असली मॉडेलं चालवायचं पॅकेज लागतं, ते उतरवायलाच काही जीबी, तुझ्या लॅपटॉपचा पंखा यंत्रमागासारखा वाजेल. मी असतो तर साधी प्रकरणं मनोहरला आणि खासगी प्रकरणं ईस्पीकला दिली असती.

सातरस्ता_सोलापूर

तेच केलं. दोन दिवस लागले पण जमलं, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

प्रकरण01 ते प्रकरण22 अशा वेगवेगळ्या फाईली केल्या. आधी मी 1, 2, 10 अशी नावं दिली होती, फोननं 1 नंतर 10 वाजवलं, अण्णा थेट गावातून गिरणीच्या टाळेबंदीत! म्हणून 01, 02. तरीपण बटणाच्या फोनमधे क्रम चुकायचा, मग कळलं की असले स्वस्त फोन नाव बघतच नाहीत, कार्डावर फाईल कुठल्या क्रमानं कॉपी झाली ते बघतात. कार्ड पूर्ण रिकामं केलं आणि फॉर लूपनं एकेक फाईल क्रमानं टाकली, आता बरोबर.

ईस्पीकची वॅव्ह फार जागा खाते, मिनिटाला अडीच एमबीच्या वर. एफएफएमपेग या ऑडिओ कन्व्हर्ट करायच्या कमांडनं मोनो, 48 केबीपीएस एमपीथ्री केली, तासाला बावीस एमबीच्या आसपास. अख्खं अण्णा-पुराण साडेचार तासांचं भरलं, शंभर एमबीच्या आत.

कमांड लाईनचा खरा फायदा आता कळायलाय. अण्णा सकाळी ऐकतात, दुरुस्त्या सांगतात, आई त्या विडीच्या लेबलाच्या मागं लिहून ठेवते, रात्री मी त्या टेक्स्टमधे करतो आणि स्क्रिप्ट चालवतो. स्क्रिप्टमधे एवढीच अट आहे की टेक्स्टची फाईल एमपीथ्रीपेक्षा नवी असेल तरच ते प्रकरण परत बनव, बॅशमधे -एनटी म्हणून मिळतं. त्यामुळं रोज एक-दोन प्रकरणंच बनतात, मी जेवेपर्यंत तयार.

आता एक गडबड झाली ती सांगतो, कडकभाकरी म्हणाले तसंच झालं. चुलत्याच्या लग्नाच्या प्रकरणात अण्णांनी लिहिलंय की भात कच्चा राहिला म्हणून आजोबांनी आचाऱ्याला पंगतीसमोर दम दिला. मनोहर म्हणतोय "आचार्याला दम दिला". अण्णा तावातावानं उठून बसले, "कुठला आचार्य? आपल्यात कोण आचार्य आला होता?" मी मूळ वहीत बघितलं, आचाऱ्याला असंच आहे. कन्व्हर्ट केल्यावर पण आचाऱ्याला होतं, मी पाहिलं होतं. मग कुठं बिघडलं?

डीटीपीकाका

हा हा हा. सेडमधे तुम्ही न दिसणारी अक्षरं उडवायची ओळ टाकलीय का?

सातरस्ता_सोलापूर

हो टाकलीय ना, नेटवर वाचलं होतं की कन्व्हर्टर नंतर झीरो-विड्थ कायतरी राहतं ते काढून टाका म्हणून.

डीटीपीकाका

तिथंच आचाऱ्याचा आचार्य झाला. मराठीतला हा दांडीसारखा र, दऱ्या, सुऱ्या, पायऱ्या, शेतकऱ्यांचा, तो यूनिकोडमधे दोन पद्धतीनं लिहिता येतो. एक, खाली टिंबवाला ऱ असतो त्याला हलन्त देऊन. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे म्हणतात त्याला. तुमच्या कन्व्हर्टरनं दुसरी पद्धत वापरलीय. ते न दिसणारं चिन्ह उडवलं की उरतो र आणि हलन्त, तो पुढच्या य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. दऱ्याखोऱ्यांतला माणूस थेट दर्यावर.

उपाय सोपा आहे. बदल.सेड मधे सगळ्यात वरची ओळ अशी करा की र, हलन्त, झेडडब्ल्यूजे हे तिन्ही एकत्र सापडले तर त्याजागी ऱ आणि हलन्त टाक. त्या ओळीनंतरच बाकीची न दिसणारी अक्षरं उडवा. क्रम महत्त्वाचा, सेड वरून खाली चालतं. आणि ही ओळ टाकली की जुनी सगळी प्रकरणं एकदा परत बनवा, तुमची स्क्रिप्ट टेक्स्ट बदललं नाही म्हणून त्यांना हात लावणार नाही.

कडकभाकरी

काका म्हणतात ते झाल्यावर "शेतकऱ्यांनी" हा शब्द तेवढा सगळ्या प्रकरणांत ऐकून घ्या. 72 च्या दुष्काळाचं लिहिलंय म्हणजे तो शब्द जागोजागी असणार, तिथं "शेतकर्यांनी" ऐकू आलं तर काहीतरी राहिलंय समजा.

पाणीवेस

आचार्याला दम 😂 आमच्याकडं लग्नात आचारीच सगळ्यांना दम देतो.

सातरस्ता_सोलापूर

काका, झालं. ऱ ची ओळ सगळ्यात वर टाकली, स्क्रिप्टमधे टेक्स्टबरोबर बदल.सेड पण नवी आहे का ते बघायची अट घातली, म्हणजे सेड बदललं की सगळी 22 आपोआप परत बनतात. शेतकऱ्यांनी नीट, पायऱ्या नीट, आचारी परत आचारी झाला. सुकडी, खडी फोडायचं काम, तगाई, सगळे शब्द तो बऱ्यापैकी म्हणतो. "धोटा" आणि "बाणा" ला अडत नाही. फक्त "कांडी" म्हणताना दर वेळी जरा थांबतो, का ते कळलं नाही, असू दे.

मनोहरचा आवाज ऐकून अण्णा म्हणाले, "बोलतोय चांगला, पण पुण्याचा दिसतोय, गिरणीत टिकला नसता." वेग उणे 15 वरून उणे 25 केलाय, आता तक्रार नाही. दुरुस्त्या मात्र वाढायल्यात. परवा एका जॉबरचं नाव बदलायला लावलं, काल परत होतं तेच ठेव म्हणाले.

मावशींना तेलुगूत पण पाहिजे म्हणायल्यात, आवाज आहे हे कळलं, पण भाषांतर कोण करणार, तो विषय वेगळा.

आणि पाणीवेस, तू जमिनीचं म्हणालास ते खरं निघालं. प्रकरण 9 मी ईस्पीकवरच, नेट बंद ठेवून केलं. अण्णांनी ते एकट्यानं ऐकलं, एकही दुरुस्ती सांगितली नाही, फक्त म्हणाले हे तिच्या कार्डात टाकू नको. मी कारण विचारलं नाही. कॉपीच्या लूपमधे 09 आलं की पुढं जा अशी एक ओळ घातलीय. आईनं आज विचारलं, आठनंतर एकदम दहा कसं काय.